सेन्सर बदलला तरी दिवा परत का पेटतो? कूलंट तापमानाच्या सर्किटची तपासणी

चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, कोड निघतो पी०११८, म्हणजे कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट. सेन्सर काही शे रुपयांचा, हाताशी येणारा, बदलायला फार वेळही लागत नाही. नवा टाकला, कोड पुसला, दिवा गेला, मालक खूश. मग काही आठवड्यांनी कुंभार्ली घाट चढताना किंवा पहिल्या जोरदार पावसात तोच दिवा, तोच कोड. "मागचा सेन्सर डुप्लिकेट निघाला असेल" म्हणून आता ओरिजिनल टाकायचा. पुन्हा काही आठवडे शांतता. पुन्हा दिवा.

या चक्रात अडकलेल्या गाडीत सेन्सर बहुतेक वेळा निर्दोष असतो. तरीही तो बदलल्यावर दिवा जातो, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. सेन्सर बदलायचा तर कपलर (सेन्सरवर बसणारा वायरींचा प्लग) ओढून काढावा लागतो आणि परत दाबून बसवावा लागतो. त्या ओढाताणीत पिनांवरचा गंज घासला जातो, सैल पिन जरा सरकून घट्ट बसते, आतून तुटत आलेल्या वायरची टोकं परत एकमेकांना टेकतात. दुरुस्ती झाली ती या हलवाहलवीने, श्रेय गेलं सेन्सरला. म्हणून आकडे घेऊन होईपर्यंत कपलरला हात लावायचा नाही, एवढं पथ्य पाळा. एकदा काढून घातला की दोष काही दिवस दडी मारतो आणि मग चांगल्या गाडीची तपासणी करत बसावं लागतं.

सर्किटमध्ये आहे काय

सेन्सरच्या टोकाला, बहुधा पितळी कवचाच्या आत, एक थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो, एवढंच त्याचं काम. ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) आत पाच व्होल्टचा पुरवठा एका ठरावीक रेझिस्टरमधून सिग्नलच्या वायरवर येतो, सेन्सरमधून जातो आणि दुसऱ्या वायरने ईसीयूच्याच अर्थवर परत येतो. सिग्नलच्या वायरवर किती व्होल्ट उरले, ते ईसीयू बघतो. इंजिन थंड तर व्होल्टेज जास्त, गरम तर कमी. बहुतेक गाड्यांत थंड इंजिनला अडीच ते साडेतीन व्होल्ट आणि पूर्ण तापल्यावर एक व्होल्टच्या खाली असा हिशेब असतो. काही ईसीयू मधल्या एखाद्या तापमानाला आतला रेझिस्टर बदलतात; तिथे गाडी तापताना व्होल्टेज खाली येत येत एकदम वर उडी मारतं आणि पुन्हा उतरू लागतं. ते पाहून घाबरू नका, त्या गाडीची रचनाच तशी असते. स्कॅनरवरचं तापमान मात्र अशा वेळी सरळ चढत राहायला हवं.

बॉशच्या प्रचलित दोन पिनांच्या सेन्सरचे आकडे साधारण असे:

० अंशाला ५.९ किलो-ओहम
२० अंशाला २.५ किलो-ओहम
४० अंशाला १.१७ किलो-ओहम
६० अंशाला ६०० ओहम
८० अंशाला ३२३ ओहम
१०० अंशाला १८६ ओहम

हे सगळ्या गाड्यांना लागू नाहीत. जनरल मोटर्सच्या जुन्या सेन्सरचा २० अंशाचा आकडा साडेतीन किलो-ओहमच्या आसपास आहे. आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला तक्ता मिळवावा. नाही मिळाला तर निदान उताराचा आकार असाच असतो हे लक्षात ठेवावं. थंडीत हजारो ओहम आणि गरमीत जेमतेम दोनशे-तीनशे. हा फरक पुढे फार कामाला येणार आहे.

कोडचं भाषांतर

पी०११८ म्हणजे व्होल्टेज जास्त, तापमान जास्त नव्हे. यात भलेभले फसतात. 'हाय इनपुट' वाचून लोक रेडिएटर उघडायला धावतात. प्रत्यक्षात सर्किट तुटलं आहे, सेन्सरकडून काहीच येत नाही, आणि ईसीयूला वाटतंय इंजिन बर्फात गाडलंय. उलट पी०११७ म्हणजे व्होल्टेज शून्याजवळ: सिग्नलची वायर कुठेतरी अर्थला टेकली आहे किंवा सेन्सर आतून शॉर्ट झाला आहे, आणि ईसीयूला इंजिन प्रचंड तापल्याचं दिसतंय. पी०११६ हा सर्किट शाबूत असूनही आकडा न पटणारा असल्याचा कोड. पी०११९ म्हणजे येतंय-जातंय. पी०१२८ मात्र वेगळ्या घरातला. इंजिन अपेक्षेइतकं तापत नाही असं तो सांगतो आणि तिथे पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर, घ्यायचा.

स्कॅनरवर सर्किट तुटलेलं असताना तापमान उणे ४० का दिसतं, हे बरेच जण विचारतात. ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनरने गाडीची माहिती वाचायच्या ठरलेल्या, पद्धतीत हा आकडा एका बाइटमध्ये पाठवतात आणि वाचताना त्यातून ४० वजा करतात. बाइट शून्य असला की उत्तर उणे ४०. भर मे महिन्यात नागपुरात स्क्रीनवर उणे ४० दिसलं तर निदान अर्धं झालं.

त्यासाठी महागडा स्कॅनर नको. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असलेल्या गाडीत ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाईलवरचं ॲप पुरतं. फक्त 'लाइव्ह डेटा' दिसायला हवा. नुसता कोड वाचून पुसणारं यंत्र इथे निरुपयोगी. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम उघडून पाहा: दोष नोंदला गेला तेव्हा वेग किती होता, इंजिनवर लोड किती होता, आत येणाऱ्या हवेचं तापमान किती होतं. खडबडीत रस्त्यावर, पावसात, की पूर्ण तापल्यावर, याचा अंदाज तिथे येतो. कोड पुसला की हे सगळं जातं. गॅरेजमध्ये गाडी शिरताच कोड पुसून मग "बघू काय आहे" म्हणणाऱ्याला आधीच थांबवा.

डॅशबोर्डवरच्या काट्याच्या भरवशावर राहू नका. पुष्कळ जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो. नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. पंधरावीस अंश इकडेतिकडे झाले तरी तो ढिम्म हलत नाही. आणि कित्येक छोट्या गाड्यांत काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा.

पहाटेची तपासणी

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी ऊन बॉनेटवर यायच्या आत चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. स्कॅनरवर दोन आकडे बघा: कूलंटचं तापमान आणि इंजिनात येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभरात दोन्ही बाहेरच्या हवेला येऊन मिळालेले असतात, म्हणून दोघांत तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक असू नये. घरात साधा थर्मामीटर असेल तर तिसरा साक्षीदार मिळाला.

दोन्ही आकडे एकदम वेडेवाकडे असतील तर कूलंट सेन्सरचा विषय बाजूला ठेवा. अनेक गाड्यांत या दोन सेन्सरची आणि थ्रॉटलच्या सेन्सरची अर्थची वायर हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) एकाच जोडावर येते. तो जोड गेला की सगळे एकदम खोटं बोलू लागतात, आणि मग एकेक सेन्सर बदलत बसण्यात पैसे जातात.

पहाटे आकडे जुळले म्हणजे सर्किट ठीक, असं मात्र समजू नका. पुढचा भाग त्यासाठीच आहे.

थंडीतला दोष आणि गरमीतला दोष

वायरिंगमधले दोष दोन जातींचे. एक, वाटेत रेझिस्टन्स वाढणं: कपलरच्या पिनेवर गंज, टेप गुंडाळून केलेला जोड, आतून कळकलेली तांब्याची वायर. दुसरा, वाटेत गळती होणं: कपलरमध्ये पाणी किंवा कूलंट शिरून दोन पिनांच्या मधोमध ओलसर वाट तयार होणं. दोन्ही दोष अर्धवट असतात, त्यामुळे कोड लगेच पडत नाही. आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळी खोटं बोलतात.

वरचा तक्ता घेऊन हिशेब करून पाहा. समजा गंजामुळे वाटेत २०० ओहम वाढले. सकाळी २० अंशाला सेन्सर २५०० ओहम दाखवतोय, ईसीयूला दिसतात २७००. म्हणजे १८ अंश. दोन अंशांची चूक, कोणाच्या लक्षातही येणार नाही. आता इंजिन ९० अंशाला पोचलं. सेन्सर साधारण २४५ ओहमवर आला, ईसीयूला दिसतात ४४५. म्हणजे ७० अंश. वीस अंशांची चूक. सकाळच्या तपासणीत पास झालेलं सर्किट गरमीत इतकं फसवतं.

याचा पुढचा परिणाम जास्त वाईट आहे. सेन्सर कितीही तापला तरी ते २०० ओहम कुठे जात नाहीत. म्हणजे ईसीयूला दिसणारा आकडा २०० च्या खाली कधी उतरणारच नाही, आणि या तक्त्यात २०० ओहम म्हणजे ९७ अंश. इंजिन उकळू लागलं तरी ईसीयूच्या लेखी ते सत्त्याण्णवच्या पुढे जात नाही. रेडिएटरचा फॅन साधारण ९५ ते १०० च्या दरम्यान कुठेतरी लागायचा असतो. तो एक तर लागत नाही किंवा फार उशिरा लागतो. एसी चालू असताना फॅन एसीच्या हुकमावर फिरतो, त्यामुळे गाडी ठीक राहते. एसी बंद करून ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की तापते. "एसी लावला की गाडी तापत नाही, बंद केला की तापते" ही तक्रार ऐकली तर हेड गॅसकेट, वॉटर पंप वगैरेंकडे वळण्याआधी फॅनच्या रिलेबरोबर हे सर्किट तपासा.

गळतीचं गणित उलटं. पिनांच्या मधे पाच किलो-ओहमची ओलसर वाट झाली आहे असं धरा. २० अंशाला २५०० च्या शेजारी ५००० जोडले की एकत्रित रेझिस्टन्स होतो १६६७, म्हणजे ईसीयूला वाटतं ३१ अंश. अकरा अंशांची चूक. तेच ९० अंशाला मोजलं तर चूक जेमतेम दोन अंश. म्हणजे पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते, कारण ईसीयू थंड इंजिनला गरम समजून पेट्रोल कमी सोडतो, आणि पाच-दहा मिनिटं चालल्यावर सगळं सुरळीत. दुपारी गॅरेजमध्ये नेली की काहीच सापडत नाही.

तेव्हा गाडी केव्हा त्रास देते हे आधी लिहून काढा. थंड असताना चूक आणि गरम झाल्यावर बरोबर, तर पाणी शोधा. थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर आकडा कमी, तर गंज आणि जोड शोधा. सगळीकडे सारखाच चुकत असेल तर सेन्सर स्वतः बिघडलेला असण्याची शक्यता पहिल्यांदा वाढते. किंवा दुसऱ्याच गाडीचा, वेगळ्या तक्त्याचा सेन्सर बसवलेला असतो. धागे जुळले, कपलर बसला म्हणून सेन्सर तोच असं नाही.

गरम इंजिनचं खरं तापमान कळायला इन्फ्रारेड गन बरी पडते. थर्मोस्टॅटच्या घरावर सेन्सरच्या शेजारी रोखायची. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती बरंच कमी दाखवते, म्हणून तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. धातूचा पृष्ठभाग आतल्या कूलंटपेक्षा चार-पाच अंश थंड असणार, तेवढी सूट द्या. कोविडच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची गन इथे चालत नाही. ती माणसाच्या तापापलीकडे काही वाचत नाही.

आता कपलर काढा

इंजिन तापलेलं, स्कॅनरवरचा आकडा कागदावर लिहिलेला, मग चावी बंद करून कपलर काढा आणि लगेच सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटरने ओहम मोजा. स्कॅनर म्हणत होता ७० अंश, पण सेन्सर दाखवतोय २४५ ओहम म्हणजे ९० अंश. तर सेन्सर खरं सांगतोय आणि मधले ओहम वायरिंगचे आहेत. ही एक तुलना सेन्सरला दोषमुक्त करते किंवा दोषी ठरवते. नवा सेन्सर विकत घेण्याआधी ती झालीच पाहिजे.

पुढची पायरी कपलर काढलेला ठेवूनच. बॉनेटखालचा हात, ओढणी, बाही फॅनपासून दूर ठेवा, कारण चावी ऑन करताच बहुतेक गाड्यांत ईसीयू सुरक्षिततेसाठी फॅन पूर्ण वेगाने फिरवतो. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे नव्याने सांगायला नको.

चावी ऑन. स्कॅनरवर उणे ४० दिसायला हवं. तसं न दिसता १३० च्या वर काहीतरी दिसत असेल, तर सेन्सर जोडलेलाच नसताना सिग्नलची वायर अर्थला टेकली आहे. हार्नेस कुठे इंजिनच्या धारेवर घासतोय ते शोधा. उणे ४० दिसलं तर वायरच्या छोट्या तुकड्याने (जंपरने) कपलरच्या दोन पिना एकमेकींना जोडा. आकडा लगेच वर, १३० किंवा त्याहून पुढे गेला पाहिजे. गेला, तर दोन्ही वायरी आणि ईसीयू या क्षणी जोडलेले आहेत. नाही गेला, तर सिग्नलची पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवून पाहा. आता आकडा उडाला, तर अर्थची वायर तुटली आहे. तरीही उणे ४० च, तर सिग्नलची वायर तुटली आहे, किंवा क्वचित ईसीयू.

काही गाड्यांचे ईसीयू दोष दिसताच स्क्रीनवर खरा आकडा न दाखवता स्वतःचा ठरीव आकडा दाखवतात, बहुधा ८० च्या आसपास. तुम्ही काहीही केलं तरी स्कॅनर हलत नसेल तर हे कारण असू शकतं. तिथे मल्टिमीटरने थेट व्होल्ट मोजा. कपलर काढलेला असताना सिग्नलच्या पिनेवर पाच व्होल्टच्या जवळ मिळायला हवेत.

बारा व्होल्टचा बल्ब लावून वायर तपासायची सवय आपल्याकडच्या अनेक वायरमनना आहे. हेडलाइटच्या सर्किटला ती ठीक. या सर्किटला बल्ब लावू नका, आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह तर चुकूनही टेकवू नका. वाचवलेला सेन्सर काही शे रुपयांचा, जळलेला ईसीयू अनेक हजारांचा.

वरची जंपरची तपासणी पूर्ण तुटलेली वायर पकडते, अर्धवट गंजलेली नाही. दोनशे ओहम वाटेत असले तरी आकडा वर जातोच, फक्त शेवटपर्यंत जात नाही, आणि पाहणारा "आलं वर" म्हणून समाधान मानतो. म्हणून गंजाचा संशय असेल तर कपलर परत जोडा, इंजिन गरम आणि चालू ठेवा, आणि कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक टाचणी अर्थच्या पिनेपर्यंत सरकवा. ती पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मिलिव्होल्ट मोजा. तीस-चाळीस असेल तर सोडून द्या. शंभराच्या वर असेल तर अर्थच्या वाटेत काहीतरी अडतंय. हेडलाइट आणि फॅन लावल्यावर हाच आकडा आणि स्कॅनरवरचं तापमान दोन्ही हलत असतील, तर इंजिन-बॉडीच्या जाड अर्थ पट्टीचे बोल्ट उघडून घासून घ्या. सिग्नलच्या वायरीसाठी सेन्सरकडचे व्होल्ट आणि ईसीयूच्या पिनेवरचे व्होल्ट मोजून ताडून पाहा. दोन्ही सारखे हवेत. वायरचं आवरण टोचून मोजू नका. ते छिद्र पुढच्या पावसाळ्यात नवा दोष होऊन परत येतं.

येणारा-जाणारा दोष पकडायला एक माणूस स्कॅनरकडे बसवा आणि दुसऱ्याने हार्नेस कपलरपासून ईसीयूकडे वीत-वीत सरकत हलवत जा. दाबा, वाकवा, हलकं ओढा. स्क्रीनवर आकडा फडफडला की तिथेच थांबा. गरमीत येणाऱ्या दोषासाठी कपलरवर हेअर ड्रायर, पावसातल्या दोषासाठी स्प्रेच्या बाटलीतून पाण्याचा फवारा.

दोष सापडतो कुठे

अशाच एका आठेक वर्षं जुन्या पेट्रोल हॅचबॅकची गोष्ट. दोन सेन्सर टाकून झालेले, ॲव्हरेज पडलेलं, घाटात दिवा ठरलेला. पहाटेचे आकडे अगदी जुळत होते. गरम झाल्यावर स्कॅनर बहात्तर-चौऱ्याहत्तरवर रेंगाळायचा आणि वरचा रेडिएटर पाईप हात लावू न देण्याइतका तापलेला. सेन्सरवर थेट मोजलेले ओहम तक्त्याला धरून होते. हार्नेस हलवत गेल्यावर बॅटरीच्या तळाखाली आकडा थरथरला. टेप उकलली तर आत दोन वायरींना पीळ देऊन केलेला जुना जोड, उंदराने कुरतडल्यानंतर कोणीतरी उरकलेला. इंजिनच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळून वाहून गेला होता, पावसाचं पाणी आत गेलं होतं आणि तांब्यावर हिरवा कळक चढला होता. दर वेळी सेन्सर बदलताना हार्नेस ओढला जायचा, पीळ जरा घट्ट व्हायचा, आणि गाडी पुढच्या महिन्यापर्यंत बरी व्हायची.

उंदीर ही आपल्याकडची फार मोठी तक्रार आहे. पावसाळ्यात त्यांना गरम इंजिन आवडतं, आणि तापमान सेन्सरची वायर थर्मोस्टॅटजवळ, नेमकी उबेची. दुसरी जागा सीएनजी किट बसवताना केलेले जोड. बाहेरून किट लावताना हार्नेसमध्ये वायरी जोडतात आणि रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम ठेवायला कूलंटच्या पाईपात टी-जोड घालतात. काम घाईत झालं असेल तर दोन्हीकडून त्रास: वायरीचा कच्चा जोड आणि सिस्टिममध्ये अडकलेली हवा. गाडी गॅसवर जातच नसेल तर आधी रिड्यूसरवरचा छोटा तापमान सेन्सर बघा. तो किटचा स्वतःचा असतो, इंजिनच्या सेन्सरशी त्याचा संबंध नाही, पण बहुधा जात थर्मिस्टरचीच, त्यामुळे तपासणीची रीतही हीच.

तिसरी जागा कपलर स्वतः. पिना हिरव्या किंवा पांढुरक्या झाल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ करा. मादी पिनेची पकड सैल झाली असेल तर साफसफाईने काही होणार नाही. नवी पिन किंवा वायरीसकट नवा कपलर घ्यावा लागेल. कपलरमधून कूलंटचा गुलाबी-हिरवा ओघळ दिसला तर सेन्सरचं शरीरच आतून गळतंय. तिथे सेन्सर खरोखर बदला, पण कूलंट वायरीच्या तांब्यातून केशाकर्षणाने पुढे चढतो, म्हणून कपलरमागची वायर थोडी सोलून बघा. तांबं काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा.

जोड करायचा तर वायर कापून, क्रिंप करून किंवा सोल्डरने डाग देऊन, आणि वरून आत डिंक असलेली हीट श्रिंक नळी चढवून. दोन वायरींचे जोड शेजारी-शेजारी घेऊ नका, दोन इंचांचं अंतर ठेवा. साधी काळी टेप इंजिनच्या उष्णतेत टिकत नाही.

सर्किट ठीक, तरी आकडा चुकीचा

कधी कधी वायर, सेन्सर, ईसीयू सगळं खरं सांगत असतं. कूलंट कमी झालं की सेन्सरचं टोक हवेत लोंबकळतं. इंजिन तापतंय आणि सेन्सर निवांत. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं असेल तर टोकावर क्षाराचा थर बसतो आणि आकडा उशिरा हलतो. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, किंवा "गाडी तापते" म्हणून कोणी काढूनच फेकला असेल (हा उपाय अजूनही सर्रास चालतो), तर हायवेवर इंजिन ऐंशीच्या वर जात नाही, ईसीयू पेट्रोल जास्त देत राहतो आणि पी०१२८ येतो. ओळखायचं सोपं: थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाईपला हात लावा. पहिल्या मिनिटापासून तो हळूहळू कोमट होत असेल तर थर्मोस्टॅट बंद होत नाहीये. निरोगी गाडीत तो बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम तापतो.

सेन्सर पातेल्यात टाकून उकळत्या पाण्यात तपासायचा असेल तर गावाची उंची विसरू नका. मुंबईत पाणी १०० ला उकळतं, पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला जेमतेम ९५ ला. तिथे १८६ ऐवजी २१३ ओहम आले म्हणून सेन्सर फेकू नका. टोक पाण्यात, पिना पाण्याबाहेर, आणि टोक पातेल्याच्या तळाला टेकलेलं नको.

जुन्या गाड्यांतल्या एका वायरीच्या काट्याच्या सेन्सरला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तो अर्थ आपल्या धाग्यांतूनच घेतो. टेपने गळती थांबते आणि काटाही कोलमडतो. दोन पिनांच्या सेन्सरला ही अडचण नाही, तिथे ओ-रिंग किंवा वॉशर नवा टाकणं महत्त्वाचं.

ईसीयू सगळ्यात शेवटी. कपलर काढून, ईसीयूच्याच पिनेवर मोजूनही पाच व्होल्ट मिळत नसतील, ईसीयूला सप्लाय आणि अर्थ नीट असतील, आणि सिग्नलची वायर ईसीयूकडून सोडवल्यावरही फरक पडत नसेल, तरच त्याचं नाव घ्या.

दुरुस्तीनंतर कोड पुसून लगेच गाडी सोडू नका. त्याच दिवशी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, एसी बंद ठेवून उभी करा आणि फॅन कितव्या अंशाला लागतो, कितव्याला थांबतो ते स्कॅनरवर पाहून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पहाटे हवेचा आणि कूलंटचा आकडा ताडून पाहा. स्वतः करणार नसाल तर गॅरेजवाल्याकडून कामाआधीचे आणि नंतरचे हे आकडे बिलावर लिहून घ्या, आणि काढलेला जुना सेन्सर परत मागा. घरी मोजून तो चांगला निघाला, तर डिकीत टाकून ठेवा.